जिचा राग येतो, ती बाई

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मीरा रोड येथील दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या मांडणीचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कार्यकर्तीचं मानसिक आरोग्य' असा विषय छापला आहे. ताणतणाव, झोप, श्वासाचे व्यायाम असं काहीतरी मी सांगेन अशी तुमची अपेक्षा असेल. ते उपयोगाचं आहेच, पण त्यावर बोलणाऱ्या पुष्कळ आहेत. मी आज रागाविषयी बोलणार आहे. नवऱ्याचा, सासूचा, पोलिसांचा राग नव्हे. त्याची आपल्याला सवय आहे, त्याची कारणं आपण पोस्टर करून भिंतीवर लावू शकतो. आपल्याकडे मदत मागायला आलेल्या बाईचाच कधीकधी जो राग येतो आणि जो आपण कुणाला सांगत नाही, त्याविषयी बोलायचं आहे.

माझ्यापासूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. आपण तिला रेश्मा म्हणू. तिचं खरं नाव हे नाही. वय चाळिशीचं. तरुणपणी हायवेवरच्या बारमध्ये नाचायची, पुढे ऑर्केस्ट्रात गायली, आता घरून जेवणाचे डबे करते. ज्या माणसाबरोबर ती अकरा वर्षं राहत होती त्याच्याशी तिचं लग्न झालेलं नव्हतं. तो मारायचा आणि खोलीतून निघ म्हणायचा. खोलीचं डिपॉझिट मात्र तिने भरलेलं! केस म्हणून यात अवघड काही नव्हतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण देतो, हे मी स्वतः अनेक प्रशिक्षणांत शिकवलेलं आहे.

पण मला ती सहन होत नव्हती. मार कसा बसला हे सांगता सांगता ती मोबाइलच्या काचेत बघून लिपस्टिक नीट करायची. मोठ्याने हसायची. मला 'डार्लिंग' म्हणायची. अकराला बोलावलं तर एकला यायची. मी तिला तारखांवर तारखा दिल्या. अहवाल भरायला तीन आठवडे लावले. आणि केसपेपरवर लिहिलं, 'अर्जदार गंभीर नाही. सहकार्य करत नाही.' त्याच महिन्यात दुसरी एक बाई कडेवर मूल घेऊन रोज उशिरा यायची, खाली मान घालून रडायची. तिच्या कागदावर मी असं काही लिहिलं नाही.

आमच्या एका ज्येष्ठ ताईंनी तो कागद वाचला आणि विचारलं, "ही गंभीर नाही, हे तुला कशावरून कळलं? तिने रडायला हवं होतं का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही. मी चांगली झोपले. मला ताईंचाच राग आला होता. पण दोन दिवसांनी भाजी निवडताना एकदम आमच्या जुन्या बिल्डिंगचा तिसरा मजला आठवला.

मीरा-भाईंदर तुम्हाला माहीत आहे. मिठागरं, भातशेती, उत्तनचे कोळीवाडे. या सगळ्याच्या मधोमध ऐंशी-नव्वदच्या दशकात बिल्डिंगा उभ्या राहिल्या, आणि मुंबईतल्या चाळींमधून आमच्यासारखी माणसं वन-रूम-किचनसाठी इथे आली. लोकल होती, घर परवडत होतं. बारमध्ये काम करणाऱ्या मुलीही त्याच कारणासाठी इथे राहायच्या, शिवाय हायवेवरचे बार रिक्षाच्या अंतरावर. आमच्या तिसऱ्या मजल्यावर तशा तिघी भाड्याने राहत होत्या. २००५ साली मी पंधरा वर्षांची होते. त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये जायचं नाही, हा घरचा नियम. दुपारी त्या उठायच्या, गॅलरीत केस वाळवायच्या आणि इतक्या मोठ्याने हसायच्या की खाली वॉचमन वर बघायचा. बिल्डिंगमधल्या बायकांनी सह्यांचं पत्र तयार केलं. 'आमच्या मुलींवर वाईट परिणाम होतो' असं त्यात होतं. ती मुलगी म्हणजे मी. माझ्या आईने सही केली. पावसात त्या तिघी टेंपोत सामान भरून गेल्या, आणि बिल्डिंग पुन्हा 'फॅमिलीवाली' झाली.

आता जे घरात कुणाला कधी सांगितलं नाही ते सांगते. त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेली चमचमती ओढणी मी रोज बघायचे. एकदा आईच्या पर्समधली कुंकवाची बाटली घेऊन बाथरूममध्ये ओठांना लावली आणि आरशात बघून घाबरून धुऊन टाकली. त्या दिवसापासून त्या मुलींचा मला आईपेक्षाही जास्त राग यायला लागला.

एमएसडब्ल्यूला असताना आम्ही फ्रॉइड, युंग परीक्षेपुरते वाचले होते. पाच मार्कांची टीप लिहिली की झालं. रेश्माच्या प्रकरणानंतर मी युंग पुन्हा काढला. कार्ल गुस्ताव युंग हा स्विस मनोविकारतज्ज्ञ, १८७५ ते १९६१ हा त्याचा काळ. त्याचं म्हणणं साध्या शब्दांत असं. मूल वाढताना घर, जात, धर्म, शाळा त्याला सांगत असतात की असं वागलास तर तू आमचा. मग जे त्यात बसतं ते माणूस चेहऱ्यावर घेतं. याला युंगने पर्सोना म्हटलं. नटाच्या मुखवट्याला लॅटिनमध्ये हा शब्द आहे. आणि जे बसत नाही ते मागे ढकललं जातं. ते मरत नाही. ते आपल्याच पाठीमागे, आपल्याला न दिसता, आपल्याबरोबर चालत राहतं. त्याला त्याने सावली म्हटलं. मराठीत जाणीव आणि नेणीव ही जोडी जुनी आहे, थेट हरिपाठात आहे. सावली ही नेणिवेतली, पण आपल्या अगदी जवळची. घरातल्या माळ्यावर टाकलेल्या सामानासारखी. आहे हे माहीत असतं, काय आहे ते आठवत नाही.

सावलीत फक्त वाईट गोष्टी असतात असा समज करून घेऊ नका. काय मागे ढकललं गेलं ते कुणाच्या घरात जन्मलो त्यावर ठरतं. मुलगा असेल तर बहुधा रडणं, भीती, मऊपणा मागे जातो. मुलगी असेल तर? राग जातो. भूक जाते, पोटाची आणि शरीराचीसुद्धा. पैशाची आवड जाते. पहिला नंबर यावा असं वाटणं जातं. मोठ्याने हसणं तर सगळ्यात आधी जातं, 'दात काय काढतेस' हे ऐकलं नाही अशी एकतरी आहे का इथे? म्हणजे 'चांगली बाई' घडवताना तिच्यातली ताकदच काढून मागच्या बाजूला ठेवली जाते. युंगही सावलीत चैतन्य असतं असं म्हणतो. मला वाटतं हे पुरुषांपेक्षा बायकांच्या बाबतीत जास्त खरं आहे.

पण स्वतःत जे बघायचं नाही ते डोळ्यांना दुसरीकडे दिसायला लागतं. सिनेमाच्या यंत्रातली फिल्म यंत्रातच असते, चित्र मात्र समोरच्या पडद्यावर दिसतं, आणि आपण पडद्यावरच चिडतो. पुस्तकात याला प्रक्षेपण म्हणतात. याची एक खूण आहे: राग प्रसंगापेक्षा मोठा असतो. एका लिपस्टिकवर तीन आठवडे!

इथे एक जुनी हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. युंगने १९०२ साली डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला तो एका मुलीवर होता. ती त्याची मामेबहीण, हेलेन प्राइसवेर्क. पंधरा-सोळा वर्षांची असताना तिच्या, आपल्या भाषेत सांगायचं तर, अंगात यायचं. घरातल्या बैठकीत ती डोळे मिटायची आणि तिच्या तोंडून दुसरीच बाई बोलायची, प्रौढ, ठाम, अधिकारवाणीने बोलणारी. एरवी बुजरी असणारी मुलगी! युंगच्या लक्षात आलं की ही मोठी बाई तिच्यातलीच आहे, तिला एरवी जागा मिळत नाही. प्रबंधात त्याने तिचं नाव लपवून नुसती आद्याक्षरं दिली, तीही बदलून. त्याला पदवी मिळाली. ती पुढे शिवणकाम शिकली आणि १९११ मध्ये, जेमतेम तिशीत, क्षयाने गेली. नेणिवेच्या एवढ्या मोठ्या शास्त्राच्या पायाशी एक अंगात येणारी मुलगी बसलेली आहे, हे मला पाच मार्कांच्या टिपेत कुणी सांगितलं नव्हतं.

अंगात येणं आपल्याला नवीन नाही. नवरात्रात भाईंदरच्या चाळीतसुद्धा बघा. एरवी जिला घरात कुणी 'चहा घेतलास का' विचारत नाही, ती केस मोकळे सोडून घुमायला लागली की सासू तिच्या पाया पडते, नवरा हात जोडून काय चुकलं विचारतो. त्या अर्ध्या तासात ती जे बोलते ते वर्षभर साठलेलं असतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे साथी या प्रकाराला विरोध करतात, आणि बुवा-भगत त्याचा धंदा करतात तिथे तो विरोध योग्यच आहे. डॉ. दाभोलकरांच्या २०१३ मधल्या खुनानंतर आलेला कायदा आपल्याला हवाच होता. माझं म्हणणं एवढंच आहे की घुमणं थांबवल्यावर त्या बाईला तेच बोलायला दुसरी जागा कोण देणार? आपल्या बैठका ती जागा देतात का?

आता २००५ कडे परत येते, कारण माझ्या बिल्डिंगने जे केलं तेच त्या वर्षी सरकारने केलं. त्या पावसाळ्यात विधिमंडळाने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती केली आणि १५ ऑगस्ट २००५ पासून महाराष्ट्रातले डान्सबार बंद झाले. स्त्रीची प्रतिष्ठा आणि सार्वजनिक नीतिमत्ता अशी कारणं दिली गेली. पण तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना बंदी नव्हती. क्लबांना, जिमखान्यांना नव्हती. नाच तोच, बघणारा श्रीमंत असला की त्याने नीती बिघडत नव्हती. पैसे उधळणाऱ्या पुरुषाच्या चारित्र्यावर तेव्हा किती बोललं गेलं? त्याचं घर उद्ध्वस्त झालं म्हणून त्याची दया केली गेली. घर उद्ध्वस्त केलं कुणी, तर तिने.

स्त्रीसंघटनांमध्येही तेव्हा दोन तट पडले. बार म्हणजे शोषण, ते बंद झालंच पाहिजे असं मानणाऱ्या होत्या. दुसऱ्या बाजूला एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने आणि 'फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन'ने बारमधल्या ५०० बायकांशी बोलून अहवाल तयार केला. आपण त्यांच्याबद्दल बोलतोय तर त्यांना विचारूया तरी, एवढी साधी गोष्ट. त्यातून पुढे आलं ते कुटुंब पोसणाऱ्या बायकांचं चित्र. बऱ्याच जणी पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या जातींमधून आलेल्या. फ्लेविया अ‍ॅग्नेस कोर्टात त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बंदीमुळे अनेक जणी वेश्याव्यवसायात ढकलल्या गेल्या, असंही त्या निकालात आहे. पुढे २०१६ चा नवा कायदा आला, जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्या काही जाचक अटी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑर्केस्ट्रा बारच्या मंचावर किती बाया आणि किती पुरुष असावेत ही अटही गेली. पण तोवर आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या तिघींना जाऊन सतरा वर्षं झाली होती. त्या कुठे गेल्या ते मला माहीत नाही. कुणी विचारलंच नाही.

सावलीचा विषय निघाला की मला आणखी एक गोष्ट टोचते. युंग सावली हा शब्द मनातल्या वस्तूसाठी वापरतो. आपल्या समाजात सावली खरोखरच विटाळ मानली गेली. पेशवाईत अस्पृश्याची सावली अंगावर पडू नये म्हणून त्याला रस्त्यावरून चालायला बंदी होती, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवलं आहे. म्हणजे एका समाजाने स्वतःतलं जे काही घाण वाटलं ते उचलून दुसऱ्या माणसांवर टाकलं, आणि मग त्यांच्या सावलीलाही घाबरला. हे मनाच्या कोपऱ्यात बसून केलेलं ध्यान करून सुटणारं नाही. त्यात जमीन आहे, पाणी आहे, सत्ता आहे. युंगला हे दिसलं असं वाटत नाही. तो १९३७-३८ च्या हिवाळ्यात भारतात आला होता, त्याने आपल्या देशावर लिहिलंही. पण गोऱ्या माणसाला आपल्यात नसलेलं काहीतरी गूढ, आदिम असं इथे दिसतं, तसंच बरंचसं त्याला दिसलं. बायकांबद्दलही त्याची मतं त्याच्या काळाचीच होती. सावलीवर लिहिणाऱ्यालाही सावली असतेच.

म्हणून एक इशारा देते, आणि हा कृपा करून लिहून घ्या. मार खाणाऱ्या बाईला 'तू तुझ्या आत बघ' असं कधीही सांगायचं नाही. तिच्या नवऱ्याचा हात ही तिची सावली नाही. हल्ली असे समुपदेशक निघाले आहेत जे बाईला पहिल्याच भेटीत तिच्या बालपणात नेतात आणि मारणारा बाहेर बाकावर मोबाइल बघत बसतो. तिला आधी सुरक्षितता, डॉक्टरी कागद, राहायची जागा, पैसा. आत बघायचं ते आपण, टेबलाच्या या बाजूला बसलेल्यांनी, कारण इथे आपल्या हातात सत्ता आहे. केसपेपर आपण लिहितो. माझ्या त्या एका ओळीने रेश्माचं काय होऊ शकलं असतं याचा विचार करा. न्यायालयंही यातून सुटलेली नाहीत. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात लग्नासारखं नातं म्हणजे काय हे ठरवताना 'ठेवलेली बाई' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला गेला, आणि इंदिरा जयसिंग यांनी त्यावर कोर्टातच आक्षेप घेतला.

आपल्या संघटनेतही बघूया. आपण सगळ्या बहिणी आहोत असं आपण गातो. मग बैठकीनंतर कप कोण विसळतं? परदेशी पाहुणे आल्यावर कोण बोलतं? वस्तीतली कार्यकर्ती स्पष्ट बोलली की ती 'भांडकुदळ', तेच आमच्यासारखी शिकलेली बोलली की 'मुद्देसूद'. हेवा, स्पर्धा, पुढे जाण्याची इच्छा हे आपल्यात नसावंच असं आपण ठरवून टाकलं आहे, त्यामुळे ते फोनवर आणि चहाच्या टपरीवर बाहेर पडतं. किती संघटना अशा टपरीवर फुटल्या, ते जुन्या मैत्रिणींनी सांगावं.

आम्ही आमच्या केंद्रात एक लहान गोष्ट सुरू केली. महिन्याच्या बैठकीत अर्धा तास फक्त यासाठी ठेवायचा: या महिन्यात कुठल्या बाईचा राग आला, कुठली जास्त आवडली. जास्त आवडणंही तपासायचं, हे आम्हाला उशिरा कळलं. रडणारी, पाया पडणारी, 'ताई तुम्हीच माझा देव' म्हणणारी बाई आवडते, कारण ती आपला मुखवटा आणखी चकचकीत करते. पहिल्या दोन बैठकांत कुणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या बैठकीत आमची एक सहकारी म्हणाली, 'जी नवऱ्याला सोडून आठ दिवसांत परत जाते तिचा मला संताप येतो.' मग थांबली आणि म्हणाली, 'मी पण तीनदा परत गेले होते.' हे सगळं नेहमी जमतं असं नाही. कामाचा रेटा असतो, फंडिंगचे अहवाल असतात, अर्धा तास खाल्ला जातो.

माझ्या आईला मी मागच्या वर्षी त्या सहीबद्दल विचारलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती बराच वेळ गवार मोडत बसली. मग म्हणाली, "लग्नाआधी मंगळागौरीत माझ्याइतकी फुगडी गावात कुणी घालत नव्हतं. इथे आल्यावर तुझ्या आजीला आवडायचं नाही. त्या पोरी हसायच्या ना, तेव्हा माझ्या पोटात कालवायचं." एवढंच. सही चुकीची होती असं ती म्हणाली नाही, मीही म्हणवून घेतलं नाही.

रेश्माची केस ताईंनी माझ्याकडून काढून घेतली नाही, ही त्यांची कृपा म्हणायची की शिक्षा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. केसपेपरवरची ती ओळ मी खोडली आणि बाजूला सही केली. तिला खोलीतून काढू नये असा अंतरिम आदेश मिळाला आहे, मूळ अर्ज अजून चालू आहे. तारखेला मी तिच्याबरोबर जाते. ती कोर्टाच्या व्हरांड्यात अजूनही मोठ्याने हसते, वकील मान वळवून बघतात, आणि मला अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं. पण आता ते कुणाचं अवघडलेपण आहे हे मला माहीत असतं.

मी इथे थांबते. पुष्पगुच्छ वगैरे राहू दे, अर्धा तास आहे आपल्याकडे. कुणाचा राग येतो, तिथून सुरुवात करूया.